न्यू जर्सी: उभ्या पोलिस गाडीजवळून गेल्याचं तिकीट. लढू की भरून टाकू?

कृष्णाकाठचा

जर्सीत राहणाऱ्या आणि इथल्या म्युनिसिपल कोर्टाची पायरी चढलेल्या मंडळींनी कृपया मार्ग दाखवा.

मी एडिसनजवळ राहतो, एच-वन-बीवर आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. गेल्या शनिवारी आईबाबांना घेऊन रूट 22 ने पश्चिमेकडे निघालो होतो. माझ्या बाजूला दोन लेन, मर्यादा ताशी 50 मैल. मी उजव्या लेनमध्ये. पुढे शोल्डरवर, म्हणजे लेनच्या बाहेरच्या कडेच्या पट्टीवर, लाल-निळे दिवे दिसले. पोलिसाने कुणाला तरी अडवलं होतं आणि तो खाली उतरून त्या गाडीच्या खिडकीशी वाकून बोलत होता. मला डाव्या लेनमध्ये जायला पाहिजे हे माहीत होतं. इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, तर डावीकडे भला मोठा ट्रेलर अगदी मागच्या दाराला चिकटून. मग लेन बदलण्याचा नाद सोडला, पाय काढला आणि वेग कमी करून तसाच पुढे गेलो. थोडं पुढे पोलिसांची दुसरी गाडी उभी होती, तिने मला बाजूला घेतलं. त्यातला पोलिस 'मूव्ह ओव्हर' (उभ्या गाडीपासून दूरच्या लेनमध्ये सरका) कायदा मोडला म्हणाला. ट्रेलरचं सांगायला तोंड उघडलं तर 'ते कोर्टात सांगा', आणि हातात तिकीट.

डॅशकॅम आहे, पण फक्त पुढचा. त्यावर जीपीएसचा वेग उमटतो. दिवे दिसले तेव्हा 51, पोलिसाच्या शेजारून जाताना 41. ट्रेलर मात्र त्या क्षणी चित्रात नाही, कारण तो बाजूला होता. मी गाडी हळू केल्यावर तो डावीकडून पुढे सरकतो आणि तेव्हा कुठे त्याचं नाक फ्रेममध्ये येतं.

घरात दोन तट पडलेत. बायको म्हणते भरून मोकळा हो, त्या कागदाकडे बघून तुझं जेवण उडालंय. बाबा एसटीत चालक होते, सांगली आगारातून निवृत्त झाले. ते शेजारच्या सीटवर होते आणि तेव्हापासून पेटलेत. "ट्रेलर चिकटून आलेला, तू कुठं घालणार होतास गाडी? त्याच्या चाकाखाली? मी देतो साक्ष. मराठीत देतो, ज्याला समजून घ्यायचं त्यानं घ्यावं." त्यांचं परतीचं विमान कोर्टाच्या तारखेच्या आधी आहे, पण ते पुढे ढकलायचीही त्यांची तयारी आहे.

ऑफिसातला मित्र म्हणतो, काही विचार करू नकोस, प्रॉसिक्युटरला (सरकारी वकिलाला) भेट आणि या कलमाऐवजी 'अनसेफ ड्रायव्हिंग'च्या कलमावर तडजोड कर, लायसन्सवर पॉइंट (दोषगुण) पडत नाहीत, इथे सगळे तेच करतात.

तर लढण्यात अर्थ आहे का? आणि ग्रीन कार्डाला याचा काही त्रास होईल का? खरं सांगायचं तर झोप दुसऱ्या प्रश्नाने उडालीय.

जुनी_जर्सीकर

अरे, आधी पाणी पी. या कागदाने कुणाचं ग्रीन कार्ड गेलेलं मी ऐकलेलं नाही.

मी बरीच वर्षं इथल्या एका वकिलाच्या ऑफिसात ट्रॅफिकच्या फायली सांभाळल्या आहेत. मी वकील नाही, तेव्हा पुढचं सगळं एका फायलीवालीचं बोलणं समज.

तू सगळं लिहिलंस, फक्त कामाचं तेवढं लिहिलं नाहीस. तिकिटावर कलम कुठलं आहे? 39:4-92 की 39:4-92.2? त्या शेवटच्या '.2' वर तुझं सगळं गणित अवलंबून आहे.

92.2 म्हणजे उभ्या गाडीचा कायदा, 2009 चा. त्यात दंड 100 ते 500 डॉलर, आणि एकट्या-दुकट्या तिकिटाला पॉइंट नाहीत. साधं 91 किंवा 92 म्हणजे चालत्या इमर्जन्सी गाडीच्या संदर्भातली कलमं: सायरन वाजवत आलेल्या गाडीला वाट न देणं, फायर इंजिनाच्या मागे चिकटून जाणं वगैरे. त्यांना मोटर व्हेइकल कमिशनच्या (इथल्या आरटीओच्या) तक्त्यात 2 पॉइंट आहेत. पोलिस घाईत, पावसात, बोनेटवर वही ठेवून लिहितात. 92 पुढचा '.2' लिहायचा राहिलेला मी स्वतः फायलींत पाहिलाय.

आता तुझ्या मित्राचा सल्ला. 39:4-97.2, अनसेफ ड्रायव्हिंग, हे इथलं लाडकं कलम आहे, कारण पाच वर्षांत पहिल्या दोन वेळा त्याला पॉइंट नाहीत. पण फुकट नाही ते. पहिल्या वेळी दंड 50 ते 150, त्यावर 250 डॉलरचा सरचार्ज वेगळा, वर कोर्टाचा खर्च 33 पर्यंत. म्हणजे कमीत कमी सव्वातीनशेच्या वर गेलास. भरधाव गाडी चालवून 4 पॉइंटचं तिकीट खाल्लेल्याला हा सौदा परवडतो. तुझं कलम जर 92.2 असेल तर त्याला मुळात पॉइंट नाहीत, मग पॉइंट वाचवायला 250 डॉलर कशाला मोजायचे? शिवाय पाच वर्षांतल्या दोन संधींपैकी एक वाया. प्रॉसिक्युटर हसत देईल, तू हसत घेऊ नकोस. गल्लोगल्ली हा सल्ला फिरतोय आणि लोक डोळे झाकून सही करतात, म्हणून जरा चिडून लिहिलं.

लढायचं म्हटलं तर कायद्याची भाषा तुझ्या बाजूची आहे. लेन बदल, पण त्या वेळच्या रहदारीत ते शक्य असेल तर. शक्य नसेल, बेकायदा असेल किंवा धोक्याचं असेल, तर रस्त्याला आणि रहदारीला साजेल इतका वेग कमी कर, तो मर्यादेच्या खाली पाहिजे, आणि गरज पडली तर थांबायच्या तयारीत राहा. तू मर्यादेच्या खाली होतास, ते व्हिडिओत दिसतंय. ट्रेलर नंतर डावीकडून पुढे निघताना दिसतो हा पुरावा कमी समजू नकोस. दोन गाड्यांच्या वेगाचा हिशेब मागे नेला की तो आधी कुठे होता ते आपोआप कळतं. मूळ फाइल कार्डवरून काढून दोन ठिकाणी ठेव. काटछाट करू नकोस, वर लाल बाण काढू नकोस. तसले प्रकार केलेले पक्षकार बघितलेत मी.

'नॉट गिल्टी' सांगायला कोर्टाच्या ऑफिसला तारखेआधी फोन कर, ते पुढचं सांगतील. मग प्रॉसिक्युटरला लेखी पत्र देऊन पोलिसांकडचं सगळं माग: तिकिटाची पोलिसांकडची प्रत, नोंदी, गाडीतल्या कॅमेऱ्याचं आणि अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण. अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण ठेवायची किमान मुदत 180 दिवस आहे, तेव्हा पत्र लवकर टाक. गुन्हा निःसंशय सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, तुझी नाही. ज्यूरी नसते, न्यायाधीशच ठरवतात. विरोधात गेलं तर 20 दिवसांत सुपीरियर कोर्टात अपील.

'पोलिस आला नाही की केस रद्द' हे विसर. पहिल्या तारखेला बहुतेक वेळा त्याला बोलावलेलंच नसतं.

बाबांना माझा नमस्कार सांग. दुभाषा कोर्टच देतं, पैसे पडत नाहीत. पण विमान पुढे ढकलू नका रे, तिकीट बदलायचे पैसे दंडापेक्षा जास्त होतील.

ग्रीन कार्डाचं: नागरिकत्वाच्या एन-400 अर्जाच्या सूचनांत स्पष्ट लिहिलंय की अटक नसेल, दारू-ड्रग्जचा संबंध नसेल आणि शिक्षा फक्त 500 डॉलरच्या खालचा दंड किंवा पॉइंट असतील, तर त्याची कागदपत्रं जोडायची गरज नाही. तू अजून त्या टप्प्यावर नाहीस, पण यावरून ही भानगड कुठल्या वजनाची आहे ते कळेल. तुझ्या अर्जात काय आणि कसं लिहायचं ते ग्रीन कार्डाच्या वकिलाला एका ओळीच्या ईमेलने विचार. तो त्याचे पैसे आधीच घेऊन बसलाय. आणि काहीही झालं तरी तारीख चुकवू नकोस. शंभर डॉलरच्या तिकिटाचं लायसन्स निलंबनात आणि वॉरंटमध्ये रूपांतर होतं ते याच एका कारणाने.

स्कूलकिलकर

जर्सीत पकडले गेलात हे नशीब समजा. नदी ओलांडून आमच्या पेनसिल्व्हेनियात आला असतात तर पहिल्याच वेळी 500 डॉलर आणि 2 पॉइंट. दुसऱ्यांदा 1000, तिसऱ्यांदा 2000. एप्रिल 2021 पासून असं आहे. आणि आमच्याकडे 'साजेल इतका वेग' अशी गोलमाल भाषा नाही. लेन बदलता येत नसेल तर मर्यादेपेक्षा किमान 20 मैलांनी कमी. 50 च्या रस्त्यावर तुमचे 41 इकडे चालले नसते, 30 वर यायला लागलं असतं.

कोर्टाची पद्धतही वेगळी. इकडे मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट जजसमोर (स्थानिक खालच्या न्यायाधीशासमोर) जायचं. तिकीट मिळाल्यापासून 10 दिवसांत कबूल की नाकबूल ते कळवायचं, आणि हरलात तर 30 दिवसांत कॉमन प्लीज नावाच्या वरच्या कोर्टात अपील, तिथे सुनावणी पुन्हा पहिल्यापासून. इकडच्या किंग ऑफ प्रशिया गावाला मित्राकडे जाणाऱ्या जर्सीकरांनी लक्षात ठेवा. पलीकडे न्यूयॉर्कनेही मार्च 2024 पासून रस्त्याकडेला उभ्या सगळ्याच गाड्यांना हा नियम लावलाय, साधी बंद पडलेली टोयोटासुद्धा त्यात आली.

सातारारस्ता

आमच्याकडे भारतात मोटार वाहन कायद्याचं 194-ई कलम आहे, 2019 च्या दुरुस्तीतलं. अँब्युलन्स किंवा अग्निशमनची गाडी येताना बाजूला झाला नाहीत तर 10,000 रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण ते येणाऱ्या गाडीला वाट द्यायचं कलम आहे. उभ्या पोलिस गाडीजवळून कसं जायचं, तर आम्ही काच खाली करून "काय झालं हो?" विचारत जातो.

पट्टीवाला

वरच्या विनोदाला हसलो, पण थोडं दुसऱ्या बाजूने लिहितो. मी आमच्या गावच्या फर्स्ट एड स्क्वाडमध्ये स्वयंसेवक आहे. रात्री हायवेच्या शोल्डरवर स्ट्रेचर घेऊन उभा राहिलोय.

तिथे उभं राहिल्यावर कळतं. ट्रेलर शेजारून गेला की आधी हवा अंगावर ढकलते आणि लगेच उलटी रस्त्याकडे ओढते. अँब्युलन्सचं दार हातातून सुटतं. पांढऱ्या रेघेवर पाय पडलाय की नाही ते बघायला वेळ नसतो, कारण डोळे पेशंटवर असतात. आणि गाड्या हळू होतात त्या आमच्यासाठी नव्हे, अपघात बघण्यासाठी. चालवणाऱ्याचं तोंड आमच्याकडे आणि त्यामागोमाग स्टिअरिंगही आमच्याकडे.

हा कायदा आला तोच अशा प्रसंगातून. 1994 च्या जानेवारीत साउथ कॅरोलायनातल्या लेक्सिंग्टनला जेम्स गार्सिया नावाच्या पॅरामेडिकला अपघाताच्या जागी काम करताना गाडीने उडवलं. तो वाचला. पण पोलिसांच्या अहवालात दोष कुणाचा, तर त्याचाच, कारण तो रस्त्यावर होता! गार्सिया या विषयाच्या मागे लागला आणि 1996 मध्ये त्या राज्यात पहिला 'मूव्ह ओव्हर' कायदा झाला. शेवटचं राज्य हवाई, 2012. आता पन्नासही राज्यांत आहे.

कृष्णाकाठचा, तुमच्यावर शंका नाही. ट्रेलर होता तर होता. पण 51 वरून 41 हे आमच्या बाजूने फार वाटत नाही. 'मर्यादेच्या खाली' ही एक अट झाली, 'त्या परिस्थितीला योग्य' ही दुसरी, आणि ती न्यायाधीश ठरवणार. पोलिस खाली उतरून उभा असताना 41 योग्य का, हे तुम्हाला विचारतील. त्याचं उत्तर तयार ठेवा. मागे कुणी चिकटलेलं होतं का? एकदम ब्रेक मारला असता तर काय झालं असतं?

आणि सगळ्यांसाठी: दिवे दिसायला लागले की लगेच लेन बदला. शेवटच्या क्षणापर्यंत थांबलात तर डावीकडे ट्रेलर असणारच.

कृष्णाकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद वाचून तिकीट पुन्हा काढलं. कलम 39:4-92. पुढे '.2' नाही. खाली शेऱ्यात मात्र पोलिसाच्याच अक्षरात 'उभ्या पोलिस वाहनासाठी लेन बदलली नाही' असं लिहिलंय.

बाबांना दाखवलं. त्यांना वाटतंय आपण जिंकलोच.

पट्टीवाला, तुमचा मुद्दा मान्य. मागे एक छोटी गाडी होती, बऱ्यापैकी जवळ. आरशातलं काही रेकॉर्ड नाही, त्यामुळे ते फक्त माझ्या शब्दावर.

जुनी_जर्सीकर

वाटलंच होतं मला.

बाबांना म्हणावं, पेढे इतक्यात आणू नका. कलम चुकलं म्हणजे केस संपली असं होत नाही. शेऱ्यात खरा प्रकार लिहिलेला आहे, तेव्हा प्रॉसिक्युटर कलम दुरुस्त करून 92.2 मागू शकतो. तुझ्यासाठी तेही बरंच आहे, कारण 2 पॉइंट तिथल्या तिथे जातात. म्हणजे तुझ्याकडे आता दोन गोष्टी आहेत: कलमाची चूक आणि व्हिडिओ. बोलताना आधी व्हिडिओ काढ. चुकीचं कलम आधी काढलंस तर तो कलम सुधारून देईल आणि वर तुला उपकार केल्यासारखं दाखवेल. आधी व्हिडिओ बघितला की मग त्याला स्वतःहून काहीतरी द्यावंसं वाटेल.

पट्टीवाल्यांचा प्रश्न मलाही पटला. 41 का, याचं उत्तर एका वाक्यात पाठ कर. पाल्हाळ नको.

स्कूलकिलकर

वकील करायचा का पण? कुणी बोललंच नाही.

जुनी_जर्सीकर

दारू नाही, अपघात नाही, लायसन्स टांगणीला नाही. एवढ्यासाठी वकिलाला देशील ते दंडापेक्षा जास्त होईल. आधीचे पॉइंट साठले असतील तर मात्र वेगळं. तीन वर्षांत 6 पॉइंट झाले की मोटर व्हेइकल कमिशन वेगळा सरचार्ज लावतं, 150 डॉलर आणि सहाच्या वरच्या प्रत्येक पॉइंटला 25. तेव्हा वकील करावा. कृष्णाकाठचा, तुझी पाटी कोरी आहे ना?

कृष्णाकाठचा

कोरी आहे ताई.

कृष्णाकाठचा

निकाल सांगायला आलो. उशीर झाला, क्षमस्व.

सुनावणी झूमवर होती. माझ्या आधी एका बाईंचं पार्किंगचं आणि एका मुलाचं संपलेल्या इन्स्पेक्शन स्टिकरचं प्रकरण झालं. मुलगा गाडीतूनच बोलत होता, न्यायाधीशांनी आधी गाडी बाजूला घ्यायला लावली. मग मला प्रॉसिक्युटरबरोबर वेगळ्या खोलीत टाकलं. व्हिडिओ मी आधीच ईमेलने दिला होता आणि त्याने तो खरंच बघितला होता. ट्रेलर दिसतो म्हणाला. मग पट्टीवाल्यांचाच प्रश्न, जवळजवळ शब्दशः: 41 का, 30 का नाही? मी म्हटलं, उजवीकडे माणूस उभा, डावीकडे ट्रेलर, मागे गाडी, त्यात जोरात ब्रेक मारणं जास्त धोक्याचं वाटलं. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग कलमाचा विषय मी काढला.

त्याने 92.2 वर आणलं आणि कमीत कमी दंडाची शिफारस करतो म्हणाला: 100 अधिक कोर्टाचा खर्च 33. किंवा ट्रायल घ्या, पोलिसाला बोलावतो, पुढची तारीख देतो. त्याने आपणहून 'अनसेफ'सुद्धा पुढे केलं होतं. ताई, तुमचं वाक्य आठवलं आणि नको म्हटलं.

मी 133 डॉलरचं घेतलं. ट्रायलला गेलो असतो तर जिंकलो असतो का, कोण जाणे. पण पुढच्या आठवड्यात ऑफिसात मोठं रिलीज आहे आणि त्या कागदाला घरातून घालवायचं होतं. ग्रीन कार्डाच्या वकिलालाही लिहून ठेवलंय.

बाबा सांगलीला पोचलेत. त्यांना व्हॉट्सअॅपवर कळवलं, तर उत्तर आलं: "गुन्हा केला नाहीस तर शंभर तरी का भरलेस?" त्यानंतर दोन दिवस नुसत्या निळ्या टिका.

पट्टीवाला

छान सुटलात. बाबांचा प्रश्न मात्र रास्त आहे.

जुनी_जर्सीकर

बरं झालं. तरी एक काम राहिलंय, ते विसरू नकोस. काही आठवड्यांनी मोटर व्हेइकल कमिशनच्या साइटवरून तुझी ड्रायव्हर हिस्टरी अॅब्स्ट्रॅक्ट (लायसन्सवरच्या नोंदींचा उतारा) काढ, 15 डॉलर लागतात. तिथे 92.2 आलंय की जुनं 92 च आलंय ते बघ. दुरुस्ती कोर्टात होते आणि पुढे कळवताना जुनंच कलम जातं, असं झालेलं आहे. 92 दिसलं तर कोर्टाच्या ऑफिसला निकालाचा कागद ईमेल कर आणि सुधारून घे. इन्शुरन्सवाला नूतनीकरणाला तीच नोंद बघतो.

कृष्णाकाठचा

कॅलेंडरमध्ये टाकलं, ताई.